दुपारची सरळ रेघ

२ एप्रिल २०१८, सोमवार

नवं काम सुरू झालं की नवी वही घ्यायची, ही माझी कॉलेजपासूनची खोड. आजवर एकही वही पुरी झालेली नाही. कामं मात्र पुरी झाली. या वेळी उलटं होऊ नये म्हणजे मिळवलं.

खराडीच्या एका आयटी पार्कमध्ये मी बरीच वर्षं एसीची यंत्रणा सांभाळली. रोज एका टेबलावरून 'उकडतंय' अशी तक्रार यायची आणि शेजारच्या टेबलावरून 'गारठलो' अशी. खरं कोण, हे ठरवायला भिंतीवर एक डबडा थर्मोस्टॅट होता आणि तो दोघांनाही खोटं पाडायचा. जानेवारीत ती नोकरी सोडली. आता मी यंत्र विकत नाही, दुरुस्तही करत नाही. फक्त मोजतो. माझ्याकडे बिनतारी प्रोबचा संच आहे. काही प्रोब बाहेरच्या युनिटच्या पाइपांना लागतात आणि गॅसचा दाब सांगतात, काही चिमट्यासारखे पाइपाला धरतात, काही खोलीच्या हवेत टांगायचे. प्रत्येकाचा आकडा त्याच क्षणी टॅबवर उमटतो आणि त्याची रेघ होत जाते. यंत्र चालू असताना, आपलं रोजचं काम करताना, त्याला बघता येतं.

हे मी शर्मिलाला समजावलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे यंत्राला कळू न देता." ती शाळेत शिकवते. सध्या आम्हा नवराबायकोचं घर तिच्याच नोकरीवर आहे. ती तसं बोलून दाखवत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

परवा मांजरी गावाला जायचंय. पहिलं मोठं काम.

४ एप्रिल, बुधवार

मालक हिंमतराव साठीच्या पुढचे. उसाची शेती, आणि शेताच्या कडेला टिश्यूकल्चरची लॅब. ऊस आणि केळीचे कोवळे अंकुर बाटल्यांत वाढवायचे आणि शेतकऱ्यांना रोपं द्यायची. मूळचं गोदाम, त्यात पफ पॅनलच्या, म्हणजे दोन पत्र्यांत फोम भरलेल्या, भिंती उभारून एकात एक खोल्या काढल्यात. सगळ्यात आत कटिंग रूम. तिथे बायका बसून अंकुर कापतात आणि बाटल्यांत लावतात. त्या खोलीला स्वतःचा छोटा एसी आहे. तिच्या बाहेर ग्रोथ रूम. फळ्याच फळ्या, ट्यूबलाइटचा पांढरा उजेड आणि हजारो बाटल्या. इथलं तापमान पंचविसाच्या आसपास धरून ठेवावं लागतं. आतल्या बायकांना अंगणात यायचं तर ग्रोथ रूममधूनच यावं लागतं, दुसरी वाट नाही.

महिनाभरापासून बाटल्यांतली रोपं काचेसारखी पारदर्शक होतात आणि मरतात. एसीवाला दोनदा येऊन गेला. गॅस ठीक, यंत्र ठीक. तो सकाळी येतो, एकदा आकडा बघतो आणि जातो.

"एकदा बघून काय कळतंय?" हिंमतराव म्हणाले. "माणूस पण पाहुणे आले की नीटच वागतं."

हे माझ्या धंद्याचं ब्रीदवाक्य म्हणून छापावं असं आहे.

त्यांनी माझं आडनाव विचारलं. सांगितलं. मग चहा आला, सगळ्यांना आला तशाच कपात. हे नोंदवावंसं वाटलं, यातच काय ते आलं.

बायकांवर देखरेख वेणूबाईंची. कमी बोलतात. प्रोब टांगताना मी एका फळीला हात लावला तर म्हणाल्या, "बाटल्यांना न्हाय, फळीला धरा."

९ एप्रिल, सोमवार

दिवसाचा क्रम लागला आहे. सकाळी मी ग्रोथ रूमच्या दाराबाहेर बोळात खुर्ची टाकून बसतो, टॅब मांडीवर. जेवणानंतर टॅब हिंमतरावांच्या टेबलावर जातो. त्यांना ती हलती रेघ बघायचा नाद लागला आहे. त्यांचं ऑफिस अंगणापलीकडे, रस्त्याकडे तोंड करून आहे. तिथवर सिग्नल येतो का ते पाहिलं. आला. मी मग तेवढ्या वेळात चौकात जाऊन नव्या गिऱ्हाइकांना फोन करतो.

आलेख बोलका आहे. सकाळभर करवतीसारखे दाते. दार उघडलं की बाहेरची गरम हवा शिरते, रेघ वर टोचते आणि हळूहळू खाली येते. दुपारी मात्र रेघ सरळ, पट्टीने आखल्यासारखी. एवढ्या उन्हातही. म्हणजे यंत्रणा ठणठणीत आहे.

हिंमतरावांना हे दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, दार कितीदा उघडलं ते यावरून मोजता येतं का. म्हटलं, येतं. कोण उघडतं तेही कळेल का? म्हटलं, थेट नाही. पण शनिवारी दारालगतच्या खुर्चीवरल्या कुसुमताई रजेवर होत्या, त्या दिवशी दाते जवळजवळ निम्मे आहेत. हे माझ्या आधीच लक्षात आलं होतं. आलेखातून माणूस ओळखता आला याचा मला, खरं सांगतो, आनंद झाला. असा ग्राहक मिळायला भाग्य लागतं. बाकीचे आकडा विचारतात, हे कारण विचारतात.

१० एप्रिल, मंगळवार

शर्मिलाला आलेख दाखवला. ती उत्तरपत्रिका तपासत होती. दात्यांकडे बघून म्हणाली, "त्या बायकांचं बाथरूम कुठे आहे?"

म्हटलं, अंगणात, विहिरीच्या बाजूला. का?

"काही नाही," म्हणाली आणि परत पेपर तपासायला लागली. तिचा प्रश्न कशाशी जोडायचा ते मला कळलं नाही. मी तिला दाबाचा आलेख दाखवणार होतो, राहिलं.

१४ एप्रिल, शनिवार

जयंती. काम बंद. सकाळी आम्ही दोघं पांढरे कपडे घालून विहारात गेलो. तिथे माझ्या जुन्या ऑफिसातला एक जण भेटला. काय करतोस विचारलं. म्हटलं, मोजतो. तो म्हणाला, मग लोक ऐकतात का? म्हटलं, आकडा असला की ऐकतात.

१७ एप्रिल, मंगळवार

अहवाल दिला. चार पानं, आलेख रंगीत. निष्कर्ष असा की यंत्रणेत दोष दिसत नाही. ग्रोथ रूमचं तापमान वारंवार दार उघडल्यामुळे अस्थिर होतं. दुपारच्या पाळीत ते स्थिर राहतं, त्यावरून दाराची शिस्त पाळणं शक्य आहे असं दिसतं.

शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर जरा थांबलो होतो. बायका दुपारी का बाहेर पडत नसाव्यात? मग वाटलं, जेवण झाल्यावर माणूस एका जागी बसतो. वाक्य ठेवलं.

हिंमतरावांनी ते मोठ्याने वाचलं. "दुपारी जमतं. मग सकाळी का न्हाय?" असं स्वतःशीच म्हणाले. मग वाघोलीच्या एका कोल्ड स्टोरेजवाल्याला माझ्यासमोर फोन लावला आणि माझं नाव सांगितलं. महिनाअखेरपर्यंत मोजणी चालूच ठेवा म्हणाले. फरक दिसला पाहिजे.

घरी येताना शर्मिलासाठी मोगरा घेतला.

२० एप्रिल, शुक्रवार

फरक दिसला. सकाळचे दाते जवळपास गेले. आता दिवसभरात तीनच राहिलेत: चहाला, जेवणाला, सुटताना.

ग्रोथ रूमच्या बाहेरच्या दाराला कडी आणि कुलूप आहे. किल्ली सकाळी वेणूबाईंकडे, दुपारी हिंमतरावांच्या ऑफिसात. कुलूप जरा जास्तच वाटलं. मी शिस्त लिहिलं होतं, कुलूप लिहिलं नव्हतं. वेणूबाईंना विचारलं, त्रास होत नाही ना? त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमची रेघ सरळ झाली न्हवं?"

पुणेरी टोमणा ऐकून मोठा झालोय. हा त्यातला नव्हता, निराळा होता. काय ते लक्षात आलं नाही.

दारालगतची खुर्ची रिकामी होती. कुसुमताई रजेवर असतील.

रोपं अजून मरतातच. वेणूबाईंनी एक पूर्ण फळी टाकून दिली. मी म्हटलं, परिणाम दिसायला थोडे दिवस जातील.

२४ एप्रिल, मंगळवार

आजचं नीट, क्रमाने लिहितो.

हिंमतराव लग्नाला बारामतीकडे गेले होते. त्यामुळे टॅब त्यांच्या टेबलावर गेला नाही आणि किल्लीही वेणूबाईंकडेच राहिली. जेवण झालं तरी मी बोळातच बसून होतो. दीडच्या सुमाराला रेघ चढायला लागली. दार बंद, कुलूप लावलेलं. तरी रेघ चढतेच आहे. सत्तावीस, एकोणतीस, एकतीस. पाऊण तासाने उतरली. थोड्या वेळाने पुन्हा चढली.

पहिला विचार असा की प्रोब बिघडला. चौकातल्या रसवंतीतून बर्फ आणला, थर्मासच्या झाकणात चुरून थोडं पाणी घातलं आणि दोन्ही हवेचे प्रोब वेणूबाईंकडून बाहेर मागवून त्यात बुडवले. बर्फाच्या पाण्यात शून्य दिसलं पाहिजे. दोन्हींनी शून्य दाखवलं. प्रोब खरं बोलत होते.

मग मागे गेलो, बाहेरची युनिटं आहेत तिथे. आकडे सकाळी घेतो तेव्हा इथे सावली असते आणि सगळं बरं दिसतं. आता तिथे उभं राहवेना. युनिटांवर पत्र्याची शेड आहे, तिन्ही बाजूंनी बंद, पुढे बाटल्यांच्या क्रेटची थप्पी. यंत्र आतली उष्णता बाहेर फेकतं. ती शेडमधून निघतच नाही आणि यंत्र तीच गरम हवा परत ओढतं. एक प्रोब त्याच्या तोंडाशी धरला. बाहेर अडतीस होतं. यंत्र जी हवा घेत होतं ती पन्नासच्या पुढे. दाब वाढत वाढत जातो, मग कॉम्प्रेसर स्वतःला वाचवायला बंद पडतो, निवला की परत चालू होतो. तेवढ्या वेळात ग्रोथ रूम तापते. रोज. भर दुपारी. आतल्या बायकांना कळायचं कारण नाही, त्यांच्या खोलीचा एसी वेगळा आहे.

मग इतके दिवस दुपारची रेघ सरळ कशी?

आलेख मोठा करून बघितला. हिंमतरावांच्या टेबलावर टॅब असताना जे आकडे आले त्यांचे ठिपके शोधले. एक ठिपका एक वाजताचा आणि पुढचा चार वाजताचा. मधे काहीच नाही. ऑफिस आणि ग्रोथ रूम यांच्यामध्ये पत्र्याचे दोन पॅनल आहेत, त्यातून सिग्नल क्वचितच जातो. मी पहिल्या दिवशी तपासला तेव्हा नेमका गेला होता. जिथे आकडा आला नाही तिथे ॲपने दोन ठिपके रेघेने जोडून टाकले होते.

म्हणजे ती रेघ स्थिर तापमानाची नव्हती. तिथे मोजमापच नव्हतं. आणि मी तिच्यावर वाक्य लिहिलं.

वेणूबाईंना विचारलं, कुसुमताई कधी येणार आहेत. त्यांनी हातातले मोजे काढले, मग बोलल्या. कुसुमला साखर आहे. तिला सारखं जावं लागतं. गेल्या गुरुवारी दुपारी किल्ली ऑफिसात आणि हिंमतराव बँकेत. दार वाजवलं, ऑफिसातून कोणी ऐकलं नाही. "साडी ओली झाली तिची. समद्या बसल्या हुत्या आत. पोरीबाळी हायत. ती तशीच उभी ऱ्हायली कोपऱ्यात, दार उघडंपतोर. मग गेली ती गेली."

मी दोन्ही प्रोब पुसून परत टांगायला दिले.

२५ एप्रिल, बुधवार

गेलो नाही. ताप आहे असं कळवलं. ताप नव्हता.

शर्मिलाला सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती दहा तारखेच्या प्रश्नाची आठवण काढेल. काढली नाही. ती म्हणाली, आता काय करणार?

मनात काय काय आलं ते खरं लिहितो. दुरुस्तीचा एक कागद पाठवावा: 'अधिक निरीक्षणांती' शेड हलवणं योग्य ठरेल, वगैरे. शेड हलेल, रोपं जगतील, पहिल्या अहवालाचं कोणी नाव काढणार नाही. वाघोलीचं काम हातात राहील. आणि कुलुपाचं मी तर सांगितलं नव्हतं. हे वाक्य सकाळपासून बऱ्याचदा मनात म्हणून पाहिलं. दर वेळी ते बरोबर असतं आणि दर वेळी त्याने काही होत नाही.

२६ एप्रिल, गुरुवार

हिंमतरावांना सांगितलं. टॅबवर ठिपके दाखवले, मग शेडजवळ नेलं आणि त्यांच्याच हातात प्रोब दिला. त्यांनी तो यंत्राच्या तोंडाशी धरला, मग अंगणात उन्हात आणून धरला. आकडा उतरताना बघितला. पुन्हा आत नेला. तीनदा असं केलं. शेड त्यांनीच फेब्रुवारीत बांधवून घेतली होती. क्रेट उन्हात तडकतात म्हणून. मार्चपासून रोपं मरायला लागली.

"म्हणजे माझी रोपं मीच मारली म्हणा."

"शेडमुळे झालं."

"शेड काय आपोआप उगवली का?"

मग ऑफिसात येऊन बसल्यावर मी अहवालाचं सांगितलं. दुपारचं वाक्य चुकीचं होतं, माझ्याकडे दुपारचे आकडेच नव्हते. आणि दार उघडल्याने रोपं मेली असंही म्हणता येत नाही, कारण ती हवा काही मिनिटांत परत जागेवर येते. हे मला आधी तपासता आलं असतं. ते ऐकत होते. कुसुमताईंचं नाव काढलं तेव्हा चेहरा बदलला.

"तो विषय एसीचा न्हाय, इंजिनिअर."

"माझ्या कागदात दाराचं नाव होतं. म्हणून तो एसीचाच आहे."

ते उठले आणि हात धुवायला गेले. बराच वेळ आले नाहीत. आल्यावर म्हणाले, उद्या पत्रे काढायला माणूस लावतो. एवढंच. वाघोलीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

दाराची कडी निघताना काढलेली दिसली. हिंमतरावांनी काढायला सांगितली, की वेणूबाईंनी आपण होऊन काढली, ते कळलं नाही.

२८ एप्रिल, शनिवार

कुसुमताईंकडे जाऊन आलो. शर्मिला बरोबर आली. म्हणाली, तू एकटा गेलास तर टॅब घेऊन जाशील.

मांजरीतच, रेल्वे फाटकाच्या अलीकडे पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ आहे, त्यातली शेवटची. मूळ वाशिमकडच्या. नवरा पाण्याचा टँकर चालवतो. वयाने माझ्याहून चार-पाच वर्षं मोठ्या असतील. मला ओळखलं. 'बोळातले साहेब' म्हणाल्या. म्हणजे मी त्यांना एवढाच माहीत होतो, आणि त्या मला आलेखावरचे दाते म्हणून.

शर्मिलाशी त्या पाण्याबद्दल, वाशिमच्या उन्हाबद्दल बोलल्या. मग मी बोलायला लागलो तो मधे थांबलो नाही. सगळं सांगून टाकलं, नीट लावून नाही, जसं आलं तसं. तुमच्या रजेच्या दिवशी दाते कमी आहेत हे मीच दाखवलं होतं, हेही सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती असं शर्मिला नंतर म्हणाली. मग जरा चालल्यावर म्हणाली, होती.

कुसुमताई पदराच्या टोकाशी चाळा करत होत्या. म्हणाल्या, "रोपं वाचली का पण?"

म्हटलं, पत्रे निघालेत, आता नवीन मरणार नाहीत.

"माझी केळीची फळी होती. डावीकडची."

ती कशी आहे, मला माहीत नव्हतं. महिनाभर त्या फळीला प्रोब टांगलेला आहे. तिचं तापमान मला तोंडपाठ आहे. रोपं मी बघितली नव्हती.

परत याल का, असं विचारलं. हिंमतरावांनी विचारायला सांगितलेलं नाही हेही सांगितलं. मग म्हणाल्या, काम तर कुठेही मिळेल, खराडीला कँटीनमध्ये बोलावतात. "पण त्या दारातून मी जशी निघाली, तशीच निघालेली राहायचं नाही मला. तुम्ही मला सांगितलं, बरं केलं. तेथच्या बायांसमोर सांगा. आणि मालकानंही सांगावं."

मी माझं सांगेन म्हटलं. त्यांचं मला सांगता येणार नाही.

"तुमचं तर सांगा," म्हणाल्या.

शर्मिलाने निघताना त्यांचा हात हातात घेतला. मला ते जमलं नसतं, आणि जमूही नये.

३० एप्रिल, सोमवार

बुद्धपौर्णिमा. सकाळी खीर केली. दुपारी न राहवून मांजरीला गेलो. शेडचे पत्रे निघाले आहेत, युनिटं उघड्यावर आहेत. टॅब घेऊन भर दुपारी बोळात बसलो. रेघ हलत होती, बारीक बारीक, जिवंत माणसाच्या नाडीसारखी, पण जागा सोडत नव्हती. दर मिनिटाचा ठिपका होता. एकेक मोजून बघितला.

मग आत जाऊन डावीकडची केळीची फळी बघितली. वरच्या बाटल्यांतली गेलेली आहेत. खालच्यांत हिरवी पानं आहेत, नखाएवढी. बराच वेळ बघत होतो.

हिंमतरावांना कुसुमताईंचा निरोप सांगितला. बाईने आपल्याला समोर बोलावलं का, असं त्यांनी विचारलं. हो म्हटलं. "बायकांपुढं उभा राहू?" ते शेताकडे निघून गेले.

२ मे, बुधवार

वाघोलीच्या कोल्ड स्टोरेजवाल्याचा फोन. हिंमतरावांनी त्याला सगळं सांगितलं आहे, चुकीच्या अहवालासकट. तो हसत होता. म्हणाला, तुमची चूक तुम्हीच धरलीत म्हणतात. या, बघू. आनंद व्हायला हवा होता. झालाही थोडा. पण हिंमतराव ही गोष्ट वाघोलीला सांगू शकतात आणि आपल्याच लॅबमध्ये सांगू शकत नाहीत, हे मनातून जात नाही.

हा माणूस वाईट आहे का, असं शर्मिलाने विचारलं. वाईट म्हणून टाकून देता आलं असतं तर सोपं गेलं असतं. दार मी दाखवलं, कुलूप त्यांनी आणलं. दोघांनाही रोपांची काळजी होती.

४ मे, शुक्रवार

सकाळी आठला सगळ्या बायका अंगणात, आत जायच्या आधी. वेणूबाईंनी जमवल्या होत्या. कुसुमताई फाटकापाशी उभ्या होत्या, आत आलेल्या नव्हत्या. मी म्हटलं, आत या. त्या म्हणाल्या, येथूनच ऐकू येते.

मी उभा राहिलो. म्हटलं, रोपं मेली ती दारामुळे नाही, कोणी बाहेर गेल्यामुळे नाही. यंत्र दुपारी बंद पडत होतं. मी ते मोजलं नव्हतं आणि मोजलं असं लिहिलं. माझ्या लिहिण्यामुळे दाराला कुलूप लागलं आणि कुसुमताईंना जे सोसावं लागलं ते लागलं. चूक माझी होती, तुमची कोणाची नव्हती.

एका मुलीने ओढणी तोंडावर धरली.

मग सगळ्यांनी हिंमतरावांकडे पाहिलं. ते ऑफिसच्या पायरीवर उभे होते. टोपी काढली, परत घातली. मला वाटलं, आता बोलतील. ओठ हललेही. शेवटी वेणूबाईंकडे बघून म्हणाले, "दाराला परत कधी कुलूप लावायचं न्हाय. आन् आतच बोळात बाथरूम काढायचंय, गवंडी सोमवारी येतोय." एवढं बोलून ते मागच्या बाजूला युनिटांकडे गेले.

बायका हात धुवायला वळल्या. मी फाटकापाशी गेलो. कुसुमताई हिंमतराव गेले तिकडे बघत होत्या.

"अर्धंच बोलले," म्हणाल्या.

मी मान हलवली.

"तर मी बी आज अर्धाच दिवस बसते."

चप्पल काढली, हात-पाय धुतले, पांढरा कोट घातला आणि आत गेल्या. दारालगतच्या खुर्चीवर कोणी बसलेलं नव्हतं.

सकाळी दोनदा बाहेर येऊन गेल्या असतील. मी बोळात नव्हतो, प्रोब आज काढून घेत होतो. एक वाजता त्या पिशवी घेऊन अंगणात आल्या. हिंमतराव विहिरीपाशी माणसांना नव्या बाथरूमच्या पाइपासाठी चर खणायची जागा दाखवत होते. त्यांच्यासमोरून जावं लागतं. मला वाटलं, त्या खाली बघून जातील, किंवा ते तोंड फिरवतील.

कुसुमताई थांबल्या. "येते," म्हणाल्या. निघताना कोणीही म्हणतं तसं.

हिंमतरावांनी खांद्यावरचा पंचा हातात घेतला. त्यांनी लॅबमधल्या एकाही बाईला अहोजाहो केलेलं मी ऐकलेलं नाही. वेणूबाईंनासुद्धा नाही.

"या," ते म्हणाले.